एकोणसाठ नंबरची वायर

आईची सवत आमच्या घरी ट्रेलरवरून आली. हे नाव आईनेच ठेवलेलं. डार्मश्टाटच्या अमेरिकन छावणीतला एक सैनिक मायदेशी परत चालला होता आणि साठच्या दशकातली त्याची दोन दारांची, लांब नाकाची काळी गाडी त्याला सोबत न्यायची नव्हती. तिचं इंजिन जाम झालेलं, तळ गंजलेला, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. बाबा ती नुसती पाहायला म्हणून गेले आणि घेऊनच आले. बाबा म्हणजे दूध आणायला जातानाही यादी लिहून नेणारा माणूस. त्यांना कुणी काही अचानक करताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे ट्रेलर अंगणात शिरला तेव्हा आईला वाटलं, पत्ता चुकला असेल. मग ट्रेलरच्या मागून बाबा चालत आले, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. आईने बाल्कनीतून गाडी नीट पाहून घेतली आणि म्हणाली, "अहो, एवढी वर्षं थांबलात, तर जरा तरुण तरी आणायची."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. अंगणाच्या टोकाला भाड्याची दोन गॅरेजं होती, त्यातल्या एकात सवतीची सोय झाली. बैठकीत बुद्धमूर्ती आणि तिच्या वर कोट-टाय आणि चष्म्यातला तो फोटो, जो आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या घरात असतो. शनिवारी सकाळी नागपूरला फोन, पहिला शब्द जयभीम, दुसरा "जेवलात का". स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या की खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई खिडकी लावून घ्यायच्या, आणि आई म्हणायची, लावू दे, वास तरी आपल्याच घरात राहील. ज्वारीचं पीठ मिळायचं नाही म्हणून आईने रोगनच्या, म्हणजे इथल्या काळ्या पावाच्या पिठाची भाकरी थापून पाहिली होती. ती तव्याला अशी चिकटली की शेवटी तवाच फेकला. तेव्हापासून गॅरेजमध्ये आमचं दुपारचं जेवण म्हणजे बेकरीतल्या ब्रोट्शनमध्ये, म्हणजे छोट्या गोल पावात, भरलेला शेंगदाण्याचा ठेचा. मी आजवर बऱ्याच ठिकाणी जेवले, पण ऑइलच्या वासात खाल्लेल्या त्या ठेच्याची सर कशालाच आली नाही.

घरात मराठीच बोलायचं, हा बाबांचा नियम. तो ते दोघं पाळायचे. मला सगळं समजायचं आणि मी सगळ्याला जर्मनमध्ये उत्तर द्यायचे. बहुतेक वेळा तर तेवढंही नाही, नुसतं "या", म्हणजे हो, किंवा "गेनाऊ", म्हणजे बरोबर. आई विचारायची, भात वाढू का, मी म्हणायचे, या. बाबा विचारायचे, अभ्यास झाला का, मी म्हणायचे, या, आणि तो झालेला नसायचा. आज मी हे मराठीत लिहिते आहे, तेही एकटाकी, हे त्या वेळच्या सुजाताला कुणी सांगितलं असतं तर तिला हसू आवरलं नसतं. शाळेत तर मी सुजातासुद्धा नव्हते, सुयाता होते. जर्मनांना ज म्हणता येत नाही असं नाही, पण कागदावर दिसला की ते त्याचा य करतात.

आता मूळ भानगडीकडे येते. मी सतरा वर्षांची होते आणि मला शिकायचं नव्हतं. म्हणजे आमच्या घरच्या भाषेत शिकायचं नव्हतं. शाळेतून दोन आठवडे प्रत्यक्ष काम करायला पाठवतात, तेव्हा मी ग्रीसहाइमच्या हेर (म्हणजे श्रीयुत) लोरेंझ नावाच्या माइस्टरच्या, म्हणजे उस्ताद मेकॅनिकच्या, वर्कशॉपमध्ये गेले आणि तिथून मनाने परत आलेच नाही. उघडलेल्या इंजिनात काय कशाला फिरवतं हे मला न सांगता दिसायचं. कवितेचा अर्थ लावताना मात्र मला कधीच काही दिसलं नाही. हेर लोरेंझनी सांगितलं होतं की उन्हाळ्यापासून ते मला आउसबिल्डुंगला, म्हणजे शिकाऊ म्हणून कामाला, घेतील. फक्त मी अठरा पूर्ण नव्हते, त्यामुळे करारावर आईवडिलांच्या सह्या हव्या होत्या. आईने दोन दिवस रडून घेतलं आणि मग म्हणाली, माझी हरकत नाही. बाबा रडले नाहीत. ते अवकाशयानांशी संपर्क ठेवणाऱ्या एका केंद्रात काम करायचे, आमच्या सबंध गोतावळ्यात त्यांच्याएवढं शिकलेलं कुणी नव्हतं, आणि त्यांची एकुलती एक मुलगी गिम्नाझियम, म्हणजे कॉलेजकडे नेणारी शाळा, सोडून पाना हातात घ्यायचं म्हणत होती. ते फक्त म्हणाले, नाही.

चार महिने तो नकार आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीसारखा ठेवलेला असायचा. शेवटी तह झाला तो सवतीमुळे. तिच्यात एका अपघातात चेपलेल्या नव्या गाडीचं ॲल्युमिनियमचं व्ही-आठ इंजिन बसवायचं, असं बाबांच्या मनात होतं. जुनं इंजिन दुरुस्त केलं असतं तर ऐतिहासिक गाडीची वेगळी नंबरप्लेट मिळाली असती, नवं घातलं की ती गेली, हे हेर लोरेंझनी हळहळत सांगितलं. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. जुनं शरीर आणि नवा मेंदू, यात वाईट काय, असं त्यांचं म्हणणं. पण बाबा पान्याला हात लावत नसत. कधीच नाही. ते मॅन्युअल वाचायचे, आकडे मोजायचे, आकृत्या काढायचे, आणि नट सोडवायची वेळ आली की दोन पावलं मागे सरायचे. तो त्यांचा नीटनेटकेपणा आहे असं मला वाटायचं. तर ठरलं असं: इंजिन मी बसवायचं. गाडी स्वतःच्या पायांवर चालत जाऊन प्र्युफरसमोर, म्हणजे गाड्या तपासून रस्त्याची परवानगी देणाऱ्या माणसासमोर, उभी राहिली आणि त्याने ती पास केली, तर बाबा सही करणार. नाही तर मी निमूटपणे शाळा पूर्ण करणार. तपासणी जूनमधल्या एका बुधवारी होती आणि कराराचा शेवटचा दिवस त्याच आठवड्यातला शुक्रवार.

ते सहा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, आणि हे मी लग्न, मूल आणि स्वतःचं वर्कशॉप हे सगळं धरून सांगते आहे. नवं इंजिन जुन्या गाडीत घालणं म्हणजे सून घरात आणणं. जागा असते, पण नेमकी हवी तिथे नसते. तेलाचं पात्र आडव्या दांड्यावर आपटायचं, म्हणून आधाराच्या पट्ट्या मी तीनदा कापल्या, तीनदा हेर लोरेंझकडून वेल्डिंग करून आणल्या. बाबा बाकावर बसून मापं वाचायचे, ती मराठीत, कारण वीस वर्षं जर्मनीत राहून, इंग्रजीत नोकरी करूनही त्यांना मोजता यायचं ते मराठीतच. त्रेपन्न, सत्तेचाळीस, अडुसष्ट. मला ते जड जायचं नाही. मराठीत आणि जर्मनमध्ये आकडा एकाच बाजूने म्हणतात, आधी एकम मग दहम. त्रेपन्न म्हणजे तीन आणि पन्नास, द्राय-उंड-फ्युन्फ्झिश. मला कुणी पाढे शिकवले नव्हते, मी हे कानाने शिकले होते आणि त्याचा मला गर्वही होता. रविवारी आवाज करायला इमारतीत बंदी, म्हणून रविवारी आम्ही नुसते गॅरेजमध्ये बसून तिच्याकडे बघायचो. आई चहा घेऊन यायची आणि विचारायची, कशी आहे तब्येत सवतीची.

शेवटच्या शनिवारी वायरिंग राहिलं होतं. इंजिनाचा मेंदू म्हणजे श्टॉयरगेरेट, वहीएवढा धातूचा डबा. त्याच्या प्लगला ऐंशी भोकं, त्यातली निम्म्याहून जास्त आम्हाला लागत नव्हती. मी डॅशबोर्डखाली पाठीवर झोपलेली, तोंडात टॉर्च. बाबा बाहेर बाकावर, मांडीवर आकृती. ते म्हणायचे, "गुलाबी, बत्तीस." मी वायर बसवून म्हणायचे, या. "तपकिरी, एकोणपन्नास." या. "लाल-पांढरी, एकोणसाठ." या. तीन तासांत संपलं. ठेचा खाल्ला, बॅटरी जोडली, आईला खाली बोलावलं. मी किल्ली फिरवली. इंजिन फिरलं नाही. डॅशबोर्डखालून टक असा एक आवाज आला, काडेपेटी मिटल्याएवढा, आणि मग तो वास. जळलेल्या इलेक्ट्रॉनिक्सचा वास ज्याने एकदा घेतला त्याला पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही.

श्टॉयरगेरेट जळलं होतं. दुसरं मागवायचं तर अमेरिकेहून, तीन आठवडे. बुधवारला चार दिवस होते. मी आकृती हातात घेतली, तिच्याकडे न पाहताच माझ्या डोक्यात सगळं जुळलं. चार महिने नाही म्हणणारा माणूस शेवटच्या दिवशी आकडे वाचत होता. मी म्हटलं, तू हे मुद्दाम केलंस. जर्मनमध्ये म्हटलं. मराठीत मला ते वाक्य म्हणताच आलं नसतं, कारण मराठीत बाबांना तुम्ही म्हणायचं असतं आणि 'तुम्ही'पाशी माझी जीभ अडखळली असती. जर्मनमध्ये बाप काय, मांजर काय, सगळ्यांना 'डू'. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वर निघून गेले. आई म्हणाली, पोरी, हे काय बोललीस तू. मला वाटत होतं मी खरं तेच बोलले आहे. त्याची लाज मला अजून वाटते, आणि ती वाटत राहावी असंच मला वाटतं.

रविवारी मी खोलीतून बाहेर आले नाही. दुपारी दारावर टकटक झाली. बाबा आत आले, तेव्हा त्यांचे हात काळे होते. बोटांच्या पेरांपर्यंत काळे. त्यांनी तो प्लग स्वतः सोडवून आणला होता, पान्याला कधी हात न लावणाऱ्या माणसाने. ते माझ्या टेबलाच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "एकोणसाठ म्हणजे किती? जर्मनमध्ये सांग."

"आइन-उंड-झेश्झिश," मी म्हटलं. एकसष्ट. एक आणि साठ, यात विचारण्यासारखं काय होतं?

बाबांनी डोळे मिटले. मग प्लग माझ्यापुढे धरला. लाल-पांढरी वायर एकसष्टच्या भोकात होती. तपकिरी एक्कावन्नच्या. दोन्ही दोन-दोन घरं पुढे. बाकी प्रत्येक वायर जिथल्या तिथे. एकोण म्हणजे एक उणा, ते म्हणाले, साठाला एक कमी. मला हे माहीत नव्हतं. एकोणीस यायचं, पण तो मला एक सुटा शब्द वाटायचा. मी विचारलं, मग सरळ नव्वावन्न का नाही म्हणत, नव्व्याण्णवला म्हणता तसं? त्यावर ते हसले, पण नीट हसता आलं नाही त्यांना. म्हणाले, अठ्ठेचाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही.

मग त्यांनी प्लग टेबलावर ठेवला. ऑफिसात आम्ही प्रत्येक आकडा समोरच्याकडून परत म्हणवून घेतो, ते म्हणाले, यानाला एक आकडा चुकीचा गेला तर संपलं. घरी नाही घेतला म्हणवून. तू या म्हणालीस, मला वाटलं पोहोचला. (माझ्या वर्कशॉपमध्ये आज कुणीही नवीन आलं की पहिला धडा हाच असतो: ऐकलेला आकडा मोठ्याने परत म्हणायचा. नुसतं या म्हणायला बंदी आहे.) मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"खोटं नाही बोलत," ते म्हणाले. "सकाळी हे पाहिलं आणि पाच मिनिटं तिथेच उभा राहिलो. वाटलं, झाकण लावून टाकावं आणि गप्प बसावं. पोरगी कॉलेजात जाईल."

आणि मग त्यांनी मला आजोबांचं सांगितलं. माझे आजोबा बस खात्यात होते, एवढंच आम्हाला आणि आमच्या जर्मन शेजाऱ्यांना माहीत होतं. ते डेपोत बसच्या खाली झोपून ग्रीस भरायचे. हेल्पर होते, निवृत्त होईपर्यंत हेल्परच. त्यांना तिथे कुणी नावाने हाक मारत नसे. पाणी पिण्याचा त्यांचा ग्लास वेगळा होता. लहानपणी बाबांना गाड्यांचं वेड, डेपोच्या जाळीला नाक लावून उभे राहायचे, तर आजोबा आतून येऊन कानाला धरून परत पाठवायचे. म्हणायचे, इकडे बघायचंसुद्धा नाही, पुस्तकात बघ. बाबांनी आयुष्यभर ते ऐकलं. एकदाच ऐकलं नाही, तेव्हा ट्रेलर घेऊन घरी आले.

मी म्हटलं, तरी ठरलं ते ठरलं, मी हरले, शाळा पूर्ण करीन. हे मी मराठीत म्हटलं. मोडकं होतं, हरलेला म्हटलं की हारली म्हटलं ते आठवत नाही, पण मराठीत म्हटलं आणि बाबांना तुम्ही म्हटलं.

"हरलीस ती मराठीत," बाबा म्हणाले. "गाडीत नाही हरलीस. आणि मराठी शिकवायचं काम माझं होतं."

एवढं बोलून ते हात धुवायला गेले. सही करतो असं म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. सोमवार, मंगळवार आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्यांशिवाय कुणी मोठ्याने बोललं नाही. बुधवारी प्र्युफरला फोन करून तारीख रद्द केली, ती बाबांनीच. ती गाडी पुढे सुरू झाली, हे इथेच सांगून टाकते, नाही तर वाचणाऱ्याचा जीव तिच्यात अडकून राहील. शरद ऋतूत दुसरं श्टॉयरगेरेट आलं, मी सगळ्या वायरी पुन्हा बसवल्या आणि पहिल्याच फेरीत ती अशी घुमली की खालच्या बाईंच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. आईने कानांवर हात ठेवून ओरडून विचारलं, ही रोज असंच बोलणार का? बाबा पुढच्या सीटवर बसून स्टिअरिंग धरून होते आणि गाडी जागची हलत नसतानाही डावी-उजवीकडे बघत होते.

पण शुक्रवारी हे काहीच घडलेलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी बाबांनी ऑफिसला घालतात तो कोट चढवला आणि म्हणाले, चला. कुठे ते सांगितलं नाही. ट्राममध्ये आम्ही तिघं तीन खिडक्यांतून बाहेर बघत होतो. ग्रीसहाइमला उतरलो तेव्हा मला कळलं कुठे चाललोय. हेर लोरेंझच्या ऑफिसात कॉफीचा आणि टायरचा वास एकत्र यायचा. त्यांनी करार पुढे ठेवला, आईने वाचायची तसदीही न घेता सही करून टाकली आणि पेन बाबांच्या पुढे सरकवलं.

बाबांनी करार वाचला. सगळा. पहिल्या पानापासून, प्रत्येक कलम, बोट ठेवून. हेर लोरेंझनी एक फोन घेतला, ठेवला, दुसरा घेतला. मी भिंतीवरचं टायरचं कॅलेंडर पाठ करत होते. शेवटी एका ओळीवर बाबांचं बोट थांबलं आणि त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, इथे शाळेचं लिहिलंय, ते काय आहे? हेर लोरेंझ म्हणाले, हो, आठवड्यातून दोन दिवस व्यवसायशाळा असते, इलेक्ट्रॉनिक्स, गणित, साहित्यशास्त्र, शेवटी परीक्षा. साहित्यशास्त्र म्हणजे लोखंड-ॲल्युमिनियमचं, कवितांचं नव्हे.

बाबांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याकडे सरळ बघत होते. "दोन दिवस शाळा आहे," ते मराठीत म्हणाले, जणू मी ऐकलंच नव्हतं. "एकही दिवस चुकवायचा नाही. आणि पहिला नंबर यायला पाहिजे. आजोबांच्या डेपोत शाळा असती ना, तर तेही साहेब झाले असते."

त्यांनी पटकन खाली वाकून सही केली, इतकी जोरात की खालच्या कागदावर उमटली. हेर लोरेंझ जरा घाबरले. त्यांनी मला हळूच विचारलं, वडील काय म्हणाले, काही अडचण आहे का.

मी म्हटलं, नाही, ते म्हणाले, ठीक आहे.